दोन खुर्च्यांची एक झीज

दुसऱ्या खुर्चीतल्या सिंहाचंही नाक झिजलेलं निघालं, आणि तेही डाव्याच हातावरच्या. पहिली खुर्ची बघून झाली होती. ‘डाव्या हाताच्या टोकाशी कोरलेल्या सिंहमुखाच्या नाकावर वापराची झीज, उजवीकडचं सिंहमुख ठसठशीत’ असं मी वहीत लिहूनही टाकलं होतं. मग सवयीनं, काही शोधायचं म्हणून नव्हे, मी दुसऱ्या खुर्चीत बसलो आणि दोन्ही हात टेकले. डावा अंगठा आपोआप पुढे सरकला आणि एका गुळगुळीत खळग्यात जाऊन बसला. मी उठलो, पहिल्या खुर्चीत बसलो. तोच अंगठा, तोच खळगा, डाव्या नाकपुडीची तीच पुसली गेलेली कड. पुन्हा उठलो, पुन्हा बसलो. खोलीत दुसरं कोणी नव्हतं हे बरं. पन्नाशीचा गृहस्थ या खुर्चीतून त्या खुर्चीत उठबस करतोय हे बघून कोणीही डॉक्टरला बोलावलं असतं. चौथ्यांदा बसलो तेव्हा मनात पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकली की माझ्या मनातली पाल सहसा गप्प बसत नाही.

संशय हा माझा पोटापाण्याचा धंदाच आहे. लिलावघरात येणारं जुनं फर्निचर तपासायचं आणि यादीसाठी त्याचं वर्णन लिहायचं, हे काम मी सव्वीस वर्षं करतोय. लोक कपाट उघडतात ते कपडे ठेवायला, मी उघडतो ते मागची फळी हातकरवतीनं कापलीय की यंत्रानं ते बघायला. कुणाकडे पाहुणा म्हणून गेलो तर चहा येईपर्यंत टेबलाच्या खालून माझा हात फिरून आलेला असतो. ‘लग्नाआधी मला उलटं करून बघितलं नाहीत, एवढंच माझं नशीब,’ असं बायको चारचौघांत सांगते आणि लोक हसतात, मीही हसतो. पण खरं सांगायचं तर हा गुण नोकरीमुळे आलेला नाही, नोकरी या गुणामुळे मिळालीय. लहानपणी आई म्हणाली, ‘डबा भरलाय,’ तरी मी झाकण उघडून बघायचो. आईला त्याचं वाईट वाटायचं. मी मात्र समजत असे, की यात आईवर अविश्वास नाही, डब्यावर आहे.

आमच्या धंद्यात मानतात, की बाकी सगळं खोटं करता येतं, झीज येत नाही. नक्षी उतरवता येते. रंग जुना करता येतो. दाभणानं किड्यांची भोकं पाडणारे बहाद्दरही मी बघितलेत. पण झीज ही माणसाची असते. कोणी उजव्या अंगाला रेलतो, कोणी बसल्या बसल्या टाचेनं पाय खरवडत राहतो, कोणी आयुष्यभर काठावरच बसतं आणि पाठीची नक्षी कोरी ठेवतं. म्हणून जोडीतल्या खुर्च्या भावंडांसारख्या असतात, चेहरा एक आणि खोडी वेगवेगळ्या. इथे खोडही एकच होती. उजव्या हातात वर्तमानपत्र धरून डाव्या अंगठ्यानं सिंहाचं नाक चोळत बसणारा एक कुणीतरी माणूस होता. तो एका खुर्चीत बसत असणार. मग दुसरीचं नाक कुणी चोळलं?

खुर्च्या तशा देखण्या होत्या, अक्रोडाच्या लाकडाच्या, काळपट मधाच्या रंगाच्या. असल्या वस्तूंना आमच्या यादीत ‘पुनरुज्जीवन शैली’ म्हणतात. नाव भारदस्त आहे. त्याचा अर्थ एवढाच, की सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी यंत्रांची घरघर वाढल्यावर लोकांना एकाएकी जुन्या काळाचा उमाळा आला, आणि आधीच्या चार-पाचशे वर्षांतलं जे जे हाताला लागलं ते कारागिरांनी एकाच खुर्चीत बसवून दिलं. पाठीचे दोन्ही खांब पिळाचे, ही बरोक काळातल्या डचांची आणि पोर्तुगीजांची आवड. खांबांच्या मध्ये टोकदार कमानी, त्या गॉथिक चर्चच्या खिडक्यांतून उचललेल्या. माथ्यावर फळांच्या माळा आणि मधोमध जीभ दाखवणारा मुखवटा, तो इटालियन रेनेसान्सचा, आणि त्यांनी तो पुरलेल्या रोमन भिंतींवरून घेतलेला. हातांवरून घरंगळत येणारं कातरलेलं काटेरी पान ग्रीक देवळांच्या खांबांवरचं. पुढच्या पायांना पंजे आणि पंज्यांत गोळा. तो म्हणे मुळात मोती धरून बसलेल्या चिनी ड्रॅगनचा, प्रवासात कुठेतरी गरुडाचा झाला आणि कुठेतरी सिंहाचा. थोडक्यात, खुर्चीत एकही गोष्ट तिची स्वतःची नव्हती. सगळा उसना संसार. आणि तरी मी भिंग घेऊन गुडघ्यांवर बसलो होतो, का, तर यातली एक खरी आणि एक खोटी आहे असा मला संशय आला होता! नकलेची नक्कल झाली तर नेमकं बिघडतं कुठे, असं मला कोणी विचारलं असतं तर मी ऐटीत उत्तर दिलं असतं, की पहिल्या नकलेनं आपण नक्कल असल्याचं लपवलेलं नसतं. उत्तर चांगलं आहे. त्या दुपारी ते मला पुरलं नाही, कारण माझ्या डोक्यात खुर्ची नव्हतीच. डोक्यात ताई होती.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. बाबांचा कोरीवकामाचा कारखाना त्यांच्यामागे तिनं चालवला, आणि लिलावघराची दुरुस्तीची कामं गेली अकरा वर्षं तिच्याकडे जातात. ती मीच मिळवून दिली, हे मी बोलून दाखवत नाही, पण विसरतही नाही. या दोन खुर्च्याही मागचा पाय डुगडुगतो म्हणून आमच्याकडे येण्याआधी तीन आठवडे तिच्याकडे होत्या. तीन आठवडे! तशीच एक कोरून बदलून ठेवायला तिच्या हाताला तेवढे पुरे होते. आता मी काय लिहायचं? ‘जोडी, एकाच काळातली’ असं लिहिलं आणि उद्या दुसऱ्या कुणी अंगठा लावून बघितला, तर भावानं बहिणीला पाठीशी घातलं हे शेंबडं पोरही म्हणेल. ‘एक नंतरची’ असं लिहिलं तर पुढचा प्रश्न असणार, मूळची कुठे गेली, आणि त्याचं बोट थेट ताईच्या दाराकडे. मग लिलावघराचं काम बंद, आणि लिलावघरानं काम बंद केलेल्या कारखान्यात दुसरं कोण पाय ठेवणार? कारखाना बंद म्हणजे ताईचं सगळंच बंद, तिला दुसरं काही नाहीच. आणि मला? आई-बाबा गेल्यावर मला ‘बारक्या’ म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलंय. मी घाबरलो होतो. हे लपवण्यात अर्थ नाही.

बाबांनी आम्हा दोघांना एकाच दिवशी पटाशी हातात दिली होती. ताई अकरा वर्षांची, मी नऊ. दोघांना एकाच फळीचे दोन तुकडे, दोघांपुढे तेच काटेरी पान. तिनं लाकडावर आधी तळहात ठेवला, रेषा कुठल्या दिशेला वाहतायत ते बघितलं आणि मग पटाशी लावली. मी लगेच लावली. संध्याकाळपर्यंत तिच्या पानाला टोकं फुटली होती, एका टोकाची कड तर वाऱ्यानं उलटल्यासारखी वर आली होती. माझं पान कोबीसारखं दिसत होतं. बाबा हसले नाहीत, हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातातली पटाशी हळूच काढून घेतली, पुसली आणि म्हणाले, ‘तुझा डोळा चांगला आहे. तू बघायचं काम कर.’ पुढची आठ वर्षं मी बघायचं काम केलं. ताई कोरायची, मी बघायचो. सतराव्या वर्षी शिकायला म्हणून दुसऱ्या गावच्या वसतिगृहात गेलो आणि दोन वर्षं कारखान्याचं तोंड बघितलं नाही. सुट्टीतसुद्धा काहीतरी निमित्त काढून तिकडेच राहायचो. कुणी विचारलं तर अभ्यास म्हणायचो. ताई पत्रं लिहायची. कुठली खुर्ची आलीय, कुठला देव्हारा, बाबांनी तिला एकटीला काय काय करू दिलं. मी ती अर्धवट वाचायचो. तिच्या पत्रांना लाकडाचा आणि लाखेचा वास यायचा आणि मला तो नको असायचा.

त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी मी त्या खुर्च्यांची एक इंच जागा सोडली नाही. उलट्या केल्या, आडव्या केल्या, कडेनं बॅटरीचा उजेड टाकला. पानाच्या शिरा मोजल्या: सात आणि सात. मुखवट्याची जीभ, पिळाचे वेटोळे, पंज्यांची नखं सगळी सारखी, आणि सारखी असूनही साच्यातून काढल्यासारखी नव्हेत. दोन्हीकडे हात मोकळा चाललेला. नक्कल करणारा हात सहसा भितो, प्रत्येक वळणावर मूळ वस्तूकडे मान वळवतो, आणि ती मान वळवल्याची जागा लाकडात दिसते. इथे कुठेच दिसेना. खरं म्हणजे तेवढ्यावर माझं समाधान व्हायला हवं होतं. पण संशयाचं असं असतं, की पुरावा सापडला तर तो बळावतो आणि नाही सापडला तर दुप्पट बळावतो. इतकी सफाई? म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे यातली खरी कुठली आणि खोटी कुठली हेच मला ठरवता येत नव्हतं. सव्वीस वर्षं बघायचं काम केलेल्या माणसाला! शेवटी खिडकीजवळची खरी आणि दाराजवळची खोटी असं मी ठरवून टाकलं. कारण विचारू नका. दाराजवळच्या खुर्चीचा पाय ताईनं दुरुस्त केला होता, एवढंच.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या कारखान्यात गेलो. सहज आल्यासारखा गेलो, आणि सहज आल्यासारखा चेहरा करण्यातच अर्धी ताकद गेली. ती एका आरशाच्या चौकटीवर वाकली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, केसांत भुसा. मला बघून तिनं पटाशी खाली ठेवली. हे ती कधी करत नाही. एरवी ती काम करता करताच बोलते.

‘ये रे बारक्या. खुर्च्या बघितल्यास?’

बसायच्या आधी हा प्रश्न. मी कान टवकारले. ‘बघतोय अजून,’ म्हणालो.

‘दोन्ही बघितल्यास?’

‘दोन्ही म्हणजे? दोन्हीच बघणार ना, जोडी आहे तर.’

‘जोडीच आहे,’ ती म्हणाली आणि हसली. मग चहा ठेवायला वळली आणि पाठमोरी असतानाच म्हणाली, ‘कशा वाटल्या?’

‘चांगल्या आहेत.’

‘चांगल्या म्हणजे?’

‘चांगल्या म्हणजे चांगल्या, ताई. तुझ्याकडेच होत्या की तीन आठवडे. तूच सांग.’ मी खडा टाकून बघितला. ती वळली. चेहऱ्यावर एक विचित्र भाव होता, काहीतरी दडवून ठेवलेल्या मुलीसारखा. ‘मी काय सांगायचं? तू जाणकार. मी आपली पाय बसवून दिला,’ ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. लहानपणी खोटं बोलताना तिचे कान असेच लाल व्हायचे, किंवा मला तसं आठवलं. माझी नजर तिच्यामागच्या फळीवर गेली. तिथे पटाश्यांच्या रांगेशेजारी सिंहाचं एक प्लॅस्टरचं मुंडकं ठेवलेलं होतं, धुळीनं माखलेलं.

‘ते काय?’

‘ते होय! बाबांच्या वेळचं आहे, पडलंय आपलं.’ तिनं ते उचललं, फुंकर मारली, पदराच्या टोकानं पुसलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की आता मी काहीतरी बोलणार याची ती वाट बघतेय. मी काही बोललो नाही. माणसाला पकडायचं असेल तर त्याला बोलू द्यावं, आपण बोलू नये, हे मी नोकरीत शिकलोय. दोघंही चहा प्यायलो. तिनं माझ्या कपात न विचारता साखर घातली, बरोबर माझ्यापुरती. निघताना दारात येऊन म्हणाली, ‘नीट बघ हं दोन्ही. घाई करू नकोस. मग काय वाटलं ते मला सांग.’ धमकी होती का ती? विनवणी होती? घरी जाताना मी प्रत्येक शब्द उलटासुलटा करून बघितला आणि प्रत्येकाच्या तळाशी मला काहीतरी काळंबेरं दिसलं. ‘जोडीच आहे’मधला ‘च’, पटाशी खाली ठेवणं, ते हसणं.

जेवताना बायकोनं विचारलं, ‘आज काय झालंय?’ मी काही नाही म्हणालो. ती म्हणाली, ‘तुम्ही पोळी उलटी करून बघितलीत आत्ता.’ मग मी सांगितलं. सगळं नाही, जेवढं सांगता आलं तेवढं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मग विचारा की सरळ. बहीण आहे तुमची. ताई, ही खुर्ची तू केलीस का? सहा शब्द आहेत.’

‘असं विचारता येतं होय? तिनं नाही म्हटलं तर?’

‘नाही म्हटलं तर नाही.’

‘आणि ते खरं कशावरून?’

बायकोनं ताट उचललं. ‘तुम्हाला उत्तर नकोच आहे,’ ती म्हणाली, ‘तुम्हाला पुरावा हवाय.’ मला राग आला, आणि राग आला म्हणजे ती बरोबर असणार हे कळूनही तो गेला नाही. मी खिडकीत जाऊन बसलो. ताईनं असं का केलं असेल? तिला काही कमी नव्हतं. की होतं? मला काय माहीत होतं तिच्याबद्दल? आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोडक्या वस्तू जुळवत बसलेली बाई. ज्यांची नक्षी तुटली त्यांची नक्षी, ज्यांचं पान निखळलं त्यांचं पान, आणि काम जेवढं चांगलं तेवढं ते केल्याचं कुणाला कळू नये हाच धंद्याचा नियम. मी सव्वीस वर्षांत हजारो वर्णनं लिहिली, तिच्या हातून गेलेल्या वस्तूंचीही लिहिली, आणि ‘जुनी दुरुस्ती, सुबक’ यापलीकडे तिच्या वाट्याला माझा एक शब्द आलेला नाही. इथपर्यंत विचार आला होता. इथून पुढे गेलो असतो तर कदाचित कुठेतरी पोचलो असतो. पण मला वाटलं, हे माझं मन मला गुंडाळतंय. बहीण आहे म्हणून पळवाट शोधतंय. आणि मी उलट अधिक कडक झालो.

अहवाल मी दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिला. एक पान. माझ्या आयुष्यात मी इतकं नेटकं काही लिहिलं नसेल. दोन्ही सिंहमुखांची झीज मिलिमीटरमध्ये, खळग्याची खोली, रुंदी, उतार, अंगठा कुठल्या कोनात टेकतो त्याची आकृती. ‘दोन भिन्न व्यक्तींच्या वापरातून एकाच जागी, एकाच खोलीची झीज होणं संभवत नाही. सबब दोहोंपैकी एक खुर्ची दुसरीवरून झिजेसकट उतरवलेली आहे.’ या वाक्यावर मी खूश होतो, हे कबूल करतो. नक्कल करणाऱ्याचा इमानदारपणाच त्याला भोवला होता, आणि ते मी पकडलं होतं. मग पेन थांबलं. मग शेवटचं वाक्य लिहिलं: ‘सदर खुर्च्या येथे येण्यापूर्वी तीन आठवडे दुरुस्तीसाठी कारखान्यात होत्या, त्या काळात अदलाबदल झाल्याची शक्यता नाकारता येत नाही.’ कारखान्याचं नाव घातलं नाही. जणू त्यानं काही वाचणार होतं! कागदाची घडी घातली आणि लिलावघराच्या मॅनेजरबाईंच्या टेबलावर ठेवून आलो. दिवसभर वाटत होतं, जावं आणि उचलून आणावं. चार वेळा त्यांच्या दारावरून गेलो. पाचव्या वेळी टेबलावर कागद नव्हता.

पुढचे चार दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. ताईचे दोन फोन येऊन गेले, मी घेतले नाहीत. पाचव्या दिवशी मॅनेजरबाईंनी बोलावलं. दोन्ही खुर्च्या त्यांच्या खोलीत आणून ठेवल्या होत्या, इथेही माझी खरी खिडकीजवळ आणि खोटी दाराजवळ, आणि बाई चक्क खुशीत होत्या. ‘बसा, बसा. कमाल केलीत तुम्ही,’ म्हणाल्या. अहवाल वाचून त्यांनी खुर्च्यांच्या मालकांकडे फोन केला होता. त्या घरात एक आजी आहेत, पंच्याऐंशीच्या, डोकं लख्ख. त्यांनी सांगितलं, की खुर्ची मुळात एकच होती, त्यांच्या यजमानांची, सासऱ्यांकडून आलेली. पाहुणा आला की यजमानांना अवघडल्यासारखं व्हायचं, आपण सिंहासनावर आणि समोरचा साध्या खुर्चीत. म्हणून त्यांनी तेहेतीस वर्षांपूर्वी एका कारागिराकडून तशीच दुसरी करून घेतली. चोरून नाही, लपवून नाही. पुढे वर्षभरात यजमान गेले आणि दोन्ही खुर्च्या चादरीखाली गेल्या. मुला-सुनेला यातलं काही माहीत नव्हतं. ‘आणि गंमत ऐका,’ बाई म्हणाल्या, ‘आजी म्हणतात, कारागीर नावालाच. सगळं कोरीवकाम त्याच्या मुलीनं केलं. एकोणीस-वीस वर्षांची पोरगी होती, आजी रोज जाऊन बघत बसायच्या. कारखान्याचं नाव सांगितलं त्यांनी. म्हणजे तुमच्या ताईच की! त्यांना बोलावलंय मी आत्ता.’

तेहेतीस वर्षं. मी वसतिगृहात होतो. त्या पत्रांतल्या कुठल्यातरी न वाचलेल्या अर्ध्यात ही खुर्ची असणार. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि क्षणभर वाटलंही. ताईनं काही केलं नव्हतं. मग मी त्या कागदाकडे पाहिलं. तो बाईंच्या समोर पडलेला होता, माझी नेटकी घडी तशीच. ‘ते... मी शेवटी लिहिलंय ते काढून टाकतो,’ मी म्हणालो. बाई म्हणाल्या, ‘अहो, असू द्या. शक्यता लिहायचीच असते.’ मी हात पुढे करणार, एवढ्यात दार उघडलं.

ताई पुढच्या दारानं आली होती. अकरा वर्षांत ती नेहमी मागच्या, सामानाच्या दारानं यायची. इस्त्रीची साडी, विंचरलेले केस, भुशाचा कण नाही. तिनं बाईंकडे बघून मान हलवली, खुर्च्यांवरून एकदा नजर फिरवली आणि मग माझ्याकडे वळली. तिचा चेहरा असा उजळलेला मी कधी बघितलेला मला आठवत नाही. ‘यांनी फोनवर सांगितलं, तू ओळखलीस म्हणून,’ ती म्हणाली. ‘मला वाटलंच होतं. म्हणजे वाटत नव्हतं, पण... मी मुद्दाम नाही सांगितलं तुला. म्हटलं, बघू या, आपल्या आपण ओळखतोय का. कधी बघितलंच नाहीस ना तू माझं एकटीचं काम.’ मला वाटलं, ती दाराजवळच्या खुर्चीकडे वळेल. ती खिडकीजवळच्या खुर्चीकडे गेली, मी खरी ठरवली होती तिच्याकडे, आणि तिच्या पाठीवर तळहात ठेवून उभी राहिली. ‘कशावरून ओळखलीस रे?’

मी तोंड उघडलं. हातावरून, म्हणायचं होतं. पानावरून, त्या उलटलेल्या कडेवरून. काहीही म्हणता आलं असतं. एक शब्द पुरे होता आणि तो खोटाही मला वेळेवर सुचला नाही.

‘अहो, सगळं लिहिलंय त्यांनी, अगदी बारकाईनं,’ मॅनेजरबाई कौतुकानं म्हणाल्या आणि कागद तिच्या हातात दिला.

ताईनं पिशवीतून चष्मा काढला. ती सावकाश वाचते, ओळीखाली बोट ठेवून. बोट कुठे आहे ते मला दिसत होतं आणि कुठल्या ओळीखाली काय आहे ते पाठ होतं. मिलिमीटर. उतार. आकृती. ‘सबब’. मग बोट शेवटच्या ओळीखाली आलं आणि तिथेच थांबलं, बराच वेळ. मी तिच्या कानांकडे बघत होतो, ते लाल झाले नाहीत. मग तिनं कागद उलटा करून मागे बघितलं. मागे काही नव्हतं.

‘कोरीवकामाबद्दल काही लिहिलं नाहीस,’ ती म्हणाली.

‘नाही.’

‘नुसतं नाकाचं.’

‘ताई, मी...’

‘नाक बाबांनी घासलं.’ तिनं चष्मा काढून पिशवीत ठेवला. ‘आधी कानस आणि मग पोत्याचं फडकं, दोन दिवस. मी तेव्हाच म्हटलं होतं, दोन माणसं बसणार, दोघांची खोड एक कशी असेल? ऐकलं नाही त्यांनी.’ तिनं कागदाची पहिल्यासारखी घडी घातली आणि टेबलावर ठेवली. ‘बाकीची सगळी खुर्ची माझी आहे.’

हे ती मॅनेजरबाईंना सांगत होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.